अर्धं दिसायचं तेव्हा

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होते. धाबं म्हणजे आमच्या घराचं मातीचं सपाट छप्पर. धरणगावात तेव्हा बहुतेक घरांना तेच होतं, आणि उन्हाळ्यात अर्धं गाव दिवसभर धाब्यावरच असायचं. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून तिचं पीठ शिजवायचं आणि ते गरम असतानाच ओल्या धोतरावर पातळ पसरायचं. हात भाजायचे. माझी आत्या, जिला सगळी आळी अक्का म्हणायची, खाली चुलीवर पातेलं ढवळत बसायची आणि मी शिडीवरून पीठ वर नेऊन बिबडे पसरायचे. धोतर पांढरं, ऊन पांढरं, शेजारच्या जिनिंगमधून, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, उडत येणारा कापसाचा भुगाही पांढरा. त्या पांढऱ्यात मला एक छोटासा डाग दिसला. डाग म्हणजे काळा डाग नव्हे. तिथे काहीच नव्हतं, एवढंच. जिथे बघायचे तिथलं बिबडं गायब, आणि नजर बाजूला नेली की ते परत हजर. मग त्या डागाच्या कडेला चमकणारे दाते फुटले, करवतीला असतात तसे. ते थरथरत होते आणि हळूहळू मोठे होत डाव्या बाजूला सरकत होते. पत्र्यावरचं ऊन डोळ्यांत जावं तसे चमकत होते, पण डोळे मिटले तरी ते आतही तसेच.

"तुन्हं ध्यान कोठे शे व?" अक्का शिडीवर डोकं काढून ओरडली. मी गरम पिठाचा गोळा धोतराच्या बाहेर, मातीवरच पसरला होता.

"अक्का, मला अर्धंच दिसतंय," मी म्हणाले.

अक्काचा चेहरा मला आजही आठवतो, म्हणजे त्याचा उजवा भाग आठवतो, कारण डावा तेव्हा दिसतच नव्हता. ती वर आली, माझा हात धरला आणि शिडीवरून एकेक पायरी करत मला खाली उतरवलं. "सावलीमा बठ," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने दाते विरून गेले, सगळं जसं होतं तसं दिसू लागलं आणि कपाळात बारीक ठणका सुरू झाला. मला वाटलं, संपलं. अक्काला तसं वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं. आमची आजी, म्हणजे अक्काची आणि माझ्या वडिलांची, आबांची, आई, शेवटची कित्येक वर्षं आंधळी होती. मी तिला पाहिलेलं नाही. पण तिला हाताला धरून नदीवर, दवाखान्यात, वस्तीतल्या विहारात नेणारी अक्काच होती. स्वतःचा संसार मोडून माहेरी आलेल्या या बाईने आयुष्याचा मोठा तुकडा आईचे डोळे होण्यात घालवला होता. तिच्या दृष्टीने माझ्या रूपाने ते आंधळेपण परत घरात आलं होतं.

आमचं घर चार माणसांचं. आबा, आई, अक्का आणि मी. आबा जिनिंगचा ट्रक चालवायचे. कापसाच्या गाठी भरून कधी जळगाव, कधी धुळे, कधी त्याहून लांब. घरात त्यांची हजेरी अशी पावसासारखी, येईल तेव्हा खरी. ते आले की घराला डिझेलचा आणि बिडीचा वास यायचा, अक्का गंगाफळाची भाजी नाहीतर डाळीचे वाफवलेले फुनके करायची, कढी करायची, आणि आबा अंगणात बाजेवर बसून रस्त्यातल्या गोष्टी सांगायचे. फार बोलके नव्हते, पण जेवताना खुलायचे. वस्तीत त्यांना मान होता. ट्रक चालवणारा माणूस म्हणजे तेव्हा जग पाहिलेला माणूस. लग्नात त्यांना पुढे बसवायचे, कुणी आजारी पडलं की त्यांनाच बोलवायचे. आई जिनिंगमध्येच कापूस निवडायला जायची. संध्याकाळी तिच्या केसांत, पापण्यांवर, लुगड्याच्या काठाला कापूस असायचा. ती दारात उभी राहून पदर झटकायची आणि मगच आत यायची.

त्यानंतर ते येतच राहिलं. कधी महिन्यातून एकदा, कधी एकाच आठवड्यात दोनदा. वर्गात पाटीलबाई फळ्यावर लिहीत असायच्या आणि त्यांचं लिहिलेलं मधूनच पुसलं जायचं. धडा वाचायला उभी राहिले की ओळीतला एखादा शब्द नाहीसा व्हायचा आणि मी तिथे अडखळायचे. मुली हसायच्या. मला वाचायला मनापासून आवडायचं. किराण्याच्या पुड्यांचे कागद मी उलगडून वाचायचे, मीठ सांडलं म्हणून त्यावर मारही खाल्लेला आहे. त्यामुळे शब्द नाहीसा होणं ही माझ्यासाठी अगदी घरातलं माणूस हरवावं तशी गोष्ट होती.

अक्काने आपल्या परीने सगळं केलं. टाळूवर लोणी थापलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला. दृष्ट काढायला मात्र आबांची परवानगी नव्हती. "या घरात ते नाही चालणार," असं त्यांनी मागेच सांगून ठेवलं होतं, म्हणून ते ट्रकवर गेले की अक्का गुपचूप मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची आणि वासाला निमित्त म्हणून वर फोडणी करायची. शेवटी ती मला बाजारपेठेतल्या एका वयस्कर औषधवाल्याकडे घेऊन गेली. त्याने माझ्या पापण्या ओढून पाहिल्या, जीभ पाहिली आणि सांगितलं, "वाचून वाचून डोळ्यातलं पाणी आटतंय. पुस्तक बंद करा. नाहीतर लग्नाआधी काठी घ्यावी लागेल."

घरी आल्यावर अक्काने माझी पुस्तकं उचलली आणि ज्वारीच्या कोठीत तळाशी पुरून ठेवली. रागाने नाही. ती रडत होती आणि पुरत होती. आईने विरोध केला नाही. ती म्हणाली, "दहावी नाही झाली तर नाही झाली. डोळे राहिले पाहिजेत." आबा त्या वेळी घरात होते. बाजेवर बसून बूट काढत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, कारण शाळेच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा असायचा. मला शिक्षिका करायचं हे त्यांनीच ठरवलेलं होतं. धुळ्यात देवपूरला, पांझरा नदीच्या पलीकडे, मुलींचं वसतिगृह आहे आणि तिथे राहून मास्तरकी शिकता येते, हे धुळ्याच्या फेऱ्यांमध्ये त्यांनीच विचारून आणलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी बूट काढले, ते भिंतीला नीट लावून ठेवले आणि अंघोळीला गेले. मला फार लागलं ते. आज मी त्या वेळच्या आबांपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि त्या न्हाणीत ते इतका वेळ काय करत होते याचा अंदाज मला आता येतो. तेव्हा एवढंच कळलं की आबाही त्यांच्याच बाजूला गेले.

मी शाळेत जाईनाशी झाले. दिवसभर घरात. जिनिंगचा घरघराट सकाळी सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. कोठीतून ज्वारी काढायला गेले की हात तळापर्यंत घालून पुस्तकाचा कोपरा चाचपून यायचे. एकदा रशीदचाचा आले. हे जिनिंगमधले मिस्त्री. लांबच्या फेरीला गाडीबरोबर जायचे, आणि आमच्याकडे आले की ओट्यावर बसून अक्काशी तंबाखूची देवाणघेवाण करायचे. मला घरात बघून त्यांनी विचारलं, अक्काने सांगितलं. तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे बेटी, घबराने का नहीं. तेरे आबा भी रस्ते में ऐसेच करते. अच्छी भली गाडी साइड को लगाते, आँखें मींचके बैठ जाते. मैं पूछा तो बोलते, चाय पीने का टाइम हो गया. आजूबाजू में चाय की टपरी भी नहीं रहती!" अक्का हसली, मीही हसले. त्यातलं काही आमच्या डोक्यात शिरलं नाही. दमलेला माणूस डोळे मिटणारच.

पाटीलबाई घरी आल्या तो रविवार होता. शाळेतली बाई घरी येणं म्हणजे केवढी धांदल! आईने सतरंजी झटकली, अक्काने कप विसळले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा न पिताच म्हणाल्या, "पुस्तकाने डोळे गेले असते तर माझे कधीच गेले असते. धुळ्याला डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना दाखवा. त्यांनी सांगितलं पुस्तक बंद, तर मी स्वतः येऊन तिचं नाव शाळेतून काढीन." आबा दाराशी उभे होते. "नेतो," म्हणाले. एवढाच शब्द.

आई-आबा मला घेऊन गेले त्या धुळ्याच्या दवाखान्याचा वास, थंडगार फरशी आणि भिंतीवर लहान-लहान होत जाणारी अक्षरं मला स्वच्छ आठवतात. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि हात अगदी हलके. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बॅटरी मारून कितीतरी वेळ आत पाहिलं, मग मला खुर्ची देऊन म्हणाल्या, "आता तू सांग. काय दिसतं ते सगळं सांग. घाई नाही." मी डाग सांगितला, करवत सांगितली, थरथर सांगितली, डोळे मिटूनही जात नाही हे सांगितलं. इतका वेळ माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे मी जरा जास्तच सांगितलं असेन. बाई मान डोलवत होत्या.

"डोळे उत्तम आहेत हिचे," त्या आईला म्हणाल्या. "हे डोळ्यांचं दुखणं नाही. अर्धशिशी माहीत आहे ना? तिचाच हा एक प्रकार वाटतो. पुष्कळदा तो घराण्यातून येतो. घरात आणखी कुणाला असं दिसतं का? नीट आठवा."

"सासूबाई आंधळ्या होत्या," आई म्हणाली.

"त्यांना मोतीबिंदू असेल. तो वेगळा. असं, करवतीसारखं, येऊन जाणारं कुणाला?"

"नाही बाई. कुणालाच नाही."

बाई म्हणाल्या, "मग मला वाटतं, एकदा मुंबईला डोक्याची तपासणी करून घ्यावी. घाबरू नका. पण घरात कुणालाच नाही म्हटल्यावर खात्री केलेली बरी."

डोक्याची म्हटल्याबरोबर आईच्या तोंडातून एक आवाज निघाला आणि तिने पदर तोंडावर धरला. माझ्या डोळ्यांत औषध होतं, सगळं धूसर दिसत होतं, त्यामुळे आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले हे मला त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून कळलं. आबा बाहेरच्या माणसांशी नेहमी जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलायचे. त्या दिवशी त्यांना ते सुचलं नाही.

"माले व्हस," ते म्हणाले. "लहानपनपाईन व्हस. असंच. पोर सांगी ऱ्हायनी तसंच बठ्ठं. मी कोनलेच सांगेल नही."

आई पदर खाली घेऊन त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि यांना हे लहानपणापासून होतंय ते तिला आज कळत होतं.

"बसा," बाई म्हणाल्या. "काय काम करता?"

"ट्रक चालवतो."

बाईंनी हातातली बॅटरी टेबलावर ठेवली. "आणि चालवताना आलं म्हणजे?"

"कडेला घेतो. जाईपर्यंत बसून राहतो. मग निघतो. आजपर्यंत कुणाला खरचटलंसुद्धा नाही, बाई."

"प्रत्येक वेळी कडेला घेता येईलच असं नाही."

"नाही," आबा म्हणाले. "म्हणूनच रोज गाडीला हात लावताना भीती वाटते."

बाई त्यांना रागावल्या नाहीत. त्यांनी आबांनाही तपासलं, आम्हा दोघांना शेजारी बसवून समजावलं. याने माणूस आंधळा होत नाही. उपाशी राहू नका, डोक्यावर ऊन घेऊ नका, झोप मोडू नका. आलं की आहात तिथे बसा, ते आपणहून जातं. मुंबईची गरज नाही. काही वेगळं वाटलं, हातपाय जड झाले, बोलता येईनासं झालं, तर मात्र लगेच यायचं. "आणि वाचन?" मी विचारलं. "भरपूर," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट करून, "पण सायकलवर असताना आलं तर आधी उतरायचं. तिथल्या तिथे. कळलं?"

सायकलीचं ते वाक्य आबांना लागलं.  घरी आल्यावर अक्काला सगळं सांगून झालं, ती कोठीत वाकून माझी पुस्तकं काढायला लागली, आणि आबा म्हणाले, "उद्या जिनिंगच्या शेठला सांगतो. गाडी सोडतो."

आई म्हणाली, "अहो, इतकी वर्षं काही झालं नाही. तुम्ही सांभाळूनच चालवता. कशाला सांगायचं?"

"पोरीला सायकलवरून उतर म्हणाली ना ती? मग मी ट्रकवर बसून कसा राहू?"

  मी पुस्तकं फडक्याने पुसत होते. त्यांच्या पानांतून ज्वारीचे दाणे गळत होते आणि मला कमालीचा आनंद होत होता, आणि त्याच खोलीत आबा आपलं आयुष्य दुमडून ठेवत होते. दोन्ही एकाच वेळी. त्या वयात हे पेलत नाही. मी उठले आणि त्यांच्यासाठी पाणी आणलं.

शेठ आधी भडकले, मग शांत झाले. "अरे, मग रस्त्यात डोळे मिटून बसायचा तो हा प्रकार होय?" असं म्हणाले म्हणे. त्यांनी आबांना काढलं नाही. फाटकाशी कापसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं तिथे, काट्यावर बसवलं. पहिले काही महिने कठीण गेले. काल ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तो आज फाटकाशी बसलेला, हे लोकांच्या लगेच डोळ्यांत भरतं. लग्नात पुढे बसवणारेही जरा मागे सरले. आबा संध्याकाळी घरी यायचे आणि त्यांना काय करावं ते कळायचं नाही, हात कुठे ठेवावेत तेही कळायचं नाही. ट्रकचा आवाज आला की मान आपोआप वळायची.

पण रोज संध्याकाळी ते घरी यायचे, ही गोष्ट आमच्या घरात नवीन होती. अक्काला तर सणच झाला. आजवर ती आबांसाठी बहुतेक वेळा भाकरी फडक्यात बांधून द्यायची. आता ती तव्यावरची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी सरळ त्यांच्या ताटात टाकायची, वर ठेचा आणि कच्चं तेल. आबा पहिल्यांदा म्हणाले, "अक्का, रोज गरम भाकरी म्हणजे ही वेगळीच वस्तू शे!" तेव्हा अक्का पदरात तोंड लपवून हसली. आई आणि आबा जिनिंगमधून बरोबर चालत यायचे. दारात उभं राहून आता दोघंही कपडे झटकायचे. आईचं अंग त्या वर्षी भरलं. ती गुणगुणायलाही लागली होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आणि आम्हा दोघांना बोलायला एक विषय मिळाला, जो जगात दुसऱ्या कुणाशी बोलता आला नसता. मी ओट्यावर अभ्यास करताना थांबले की आबा ओळखायचे. "आलं का? कुठून?" "डावीकडून." "माझं उजवीकडून येतं. आणि रंग?" "रंग नाही. पांढरंच." "माझ्यात कडेला थोडं निळं असतं," ते म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात चक्क बढाई असायची. लहानपणी गुरांमागे असताना ते पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण मरतोय. आपल्या आईला सांगायला घरी पळत आले, तर ती चाचपडत दाराशी उभी होती. तिला काय सांगायचं, म्हणून गप्प बसले आणि मग गप्पच राहिले. हे त्यांनी मला चिंचेचा पाला निवडता निवडता सांगितलं.

माझं ते आजही चालूच आहे. जळगावच्या शाळांमध्ये मी शिकवलं तेव्हा माझ्या वर्गांना ठाऊक होतं की बाई मध्येच खडू ठेवून खुर्चीत बसल्या तर पाढे म्हणायचे आणि दंगा करायचा नाही. दंगा ते करायचेच. आता यंत्रात घालून डोकं बघतात. मुलाने मलाही घातलं, आणि त्या तरुण डॉक्टरने जवळजवळ तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. परवा हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हाही ते आलं. मी चष्मा काढला, पंखा लावला आणि बसून राहिले. जुन्या ओळखीच्या माणसाने दारात डोकावून जावं, तसं आता वाटतं. चहा टाकू का विचारावं, इतकी ओळख.

दहावी झाले आणि देवपूरला जायचा दिवस आला. आबांनी रजा काढली. ट्रंक, वळकटी आणि अक्काने दिलेला शेव-मुरमुऱ्यांचा डबा घेऊन आम्ही एसटीत चढलो. आबा स्वतःच खिडकीशी बसले, मला उन्हाची बाजू नको म्हणून. एरंडोल सोडून गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा ते बाहेर बघायला लागले. या रस्त्यावरून त्यांनी इतक्या वर्षांत किती गाठी वाहून नेल्या असतील! ते कपाशीची शेतं बघत होते, विहिरीवरच्या बायका, बांधावरची बाभूळ, शाळा सुटलेली पोरं. कुणाचीतरी म्हैस डबक्यातून उठेना, तर मान वळवून ते तिला दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"काय झालं, आबा?"

"काही नाही," ते म्हणाले. "या रस्त्याला इतकं काय काय शे, माले माहीतच नव्हतं."

पारोळं गेलं. समोरून ट्रक आले, हॉर्न झाले, आमच्या ड्रायव्हरने एकदा कचकन ब्रेक मारला. मी आबांकडे पाहिलं. त्यांचं डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि ते गाढ झोपले होते. चालत्या गाडीत आबांना झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी ट्रंक पायाने माझ्याकडे ओढून घेतली, त्यांच्या तोंडावर येणाऱ्या उन्हाला वहीचा आडोसा धरला, आणि धुळ्याचं स्टँड येईपर्यंत त्यांना उठवलं नाही.